शववाहिकेचे शॉकअप

“हळू घ्या हो, डोकं आपटतंय त्याचं.”

मागच्या बाकावरून बाई दुसऱ्यांदा म्हणाली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. तिने आपल्या तरण्या मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. शववाहिका आधीच माणसाच्या चालीने चालली होती. आणखी हळू घ्यायला वाव नव्हता. तरी त्याने ब्रेकवर पाय ठेवला. गाडीने नाक खाली खुपसलं, मागचा भाग उचलला गेला आणि धपकन आदळला.

“लागलं का रे?” बाईने विचारलं. ड्रायव्हरला नव्हे.

त्या दिवशी तो घरी आला तो भिंतीला टेकून बसूनच राहिला. बायकोने पान वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

“काय झालं?”

“पाठ धरलीय,” तो म्हणाला. तेही काही खोटं नव्हतं.

सकाळी त्याने गाडी थेट वर्कशॉपला नेली. फोरमन चहा पीत उभा होता.

“शॉकअप गेलेत, साहेब.”

“तुला काय माहीत?”

“ब्रेक मारला की नाक टेकते. खड्ड्यातून गेली की कितीतरी वेळ डुलत राहते. टायर जागोजागी खाल्ले गेलेत.”

“ते असू दे. पण तक्रार कोणी केली? तुझ्या पॅसेंजरांनी?”

मेकॅनिक खो खो हसले. एरवी ड्रायव्हरही हसला असता. हा विनोद त्यानेच या वर्कशॉपमध्ये आणला होता. आज तो नुसता उभा राहिला.

“काल एका बाईने मेलेल्या पोराला विचारलं, लागलं का रे म्हणून,” तो म्हणाला. “आता या गाडीत मला बसवत नाही, साहेब.”

फोरमनने कप खाली ठेवला. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. धड गाडी एकदा वर येते आणि गप्प होते. ही मात्र पाळण्यासारखी हेलकावत राहिली. त्याने वाकून चाकाआड हात घातला. शॉकअपमधून गळलेल्या तेलाने बोटं काळी झाली.

“पुढचे दोन्ही शॉकअप काढा,” तो मेकॅनिकला म्हणाला. “मागचेपण. एकेक नको, जोडीच बदला.”

बोल्ट गंजून चिकटले होते. एकेक सोडवता सोडवता मेकॅनिकचा घाम निघाला. ड्रायव्हर जुन्या टायरांच्या ढिगावर पेंगत बसला. शेवटचा बोल्ट आवळून होतो न होतो तोच त्याचा फोन वाजला. एका म्हातारीला घेऊन जायचं होतं.

घरची मंडळी आपापल्या गाड्यांतून पुढे गेली. शववाहिकेत म्हाताऱ्या बायकोजवळ बसला एकटा नवरा. ड्रायव्हरचे कान सगळी वाट मागेच होते. नळ टाकायला खणून ठेवलेला रस्ता लागला. गाडी खाली गेली, वर आली, झालं. मागून हूं नाही की चूं नाही. त्याला बरं वाटलं. मग त्या शांततेचीच धास्ती वाटायला लागली.

स्मशानाच्या फाटकाशी त्याने गाडी उभी केली आणि वळून काचेतून पाहिलं. म्हातारा पुढे कलंडला होता. त्याचं कपाळ बायकोच्या खांद्याशी टेकलं होतं आणि तोंड उघडं पडलं होतं.

ड्रायव्हर उडी मारून उतरला. तोवर म्हाताऱ्याचा मुलगा मागचं दार उघडायला आला होता. ड्रायव्हर काचेला कान लावून क्षणभर थांबला. मग त्याने मुलाचा हात धरला.

“थांबा. तुमचे वडील...”

मुलाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“तसं नाही, तसं नाही,” ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. “घोरतायत.”

दोघं कान देऊन उभे राहिले. आतून संथ, खरखरीत घोरणं ऐकू येत होतं. मुलाने काचेला डोकं टेकलं.

“आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून बाबांनी पाठ टेकलेली नाही,” तो पुटपुटला. “तिच्या उशाशी बसून रात्र काढायचे. आम्ही सांगून सांगून थकलो.”

फाटकाशी ताटकळलेली मंडळी जवळ येऊ लागली. पुढे त्याचे काका होते.

“काय रे, कशाला खोळंबलात? उतरवून घेऊ या ना.”

मुलाने बाहीला डोळे पुसले आणि दारासमोर आडवा उभा राहिला.

“गाडीत बिघाड झालाय, काका,” तो म्हणाला. “दार अडकलंय. जरा वेळ लागेल.”

काकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने खिशातून पेचकस काढला, दारापाशी गुडघे टेकून बसला आणि त्या धडधाकट कडीशी, जराही आवाज न करता, खटपट करू लागला.