सातव्या मजल्यावरून खाली

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती खुर्ची अजून तशीच होती. लाकडी, हातांची. एका हाताला बांधलेल्या चादरीचं टोक फरशीवर लोळत होतं. तिला हलवायचा धीर इमारतीत कुणालाच झाला नव्हता. लिफ्ट तपासणाऱ्या बाई कठड्याला घसटून तिच्या बाजूने वर गेल्या. पाठीमागून ती आपल्याकडे बघतेय असं त्यांना पुढचा मजला येईपर्यंत वाटत राहिलं.

परवा दुपारी बाईंनीच ही लिफ्ट बंद केली होती. तक्रार आली म्हणून तपासायला आल्या, तर वरच्या लोखंडी दोराच्या तारा तुटून बाहेर आलेल्या. पोरं त्या लिफ्टला 'आजोबा' म्हणायची, कारण ती कण्हल्याशिवाय एकही मजला चढत नसे. इमारतीचे चेअरमन गयावया करत होते. "बाई, रविवारपर्यंत चालू द्या. तोवर नवा दोर आणतो. वर म्हातारी माणसं आहेत हो. घड्याळवाल्या काकांना तर दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते."

"धोका दिसल्यावर मला ती चालू ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सील लावलं.

त्याच संध्याकाळी सातव्या मजल्यावर घड्याळवाल्या काकांच्या छातीत कळ आली. खाली रुग्णवाहिका येऊन थांबली. मुलाने आणि शेजाऱ्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि जिन्याने उतरवायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावर काकांची मान कलंडली.

तेव्हापासून बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरी नवरा म्हणाला, "तू तुझं काम केलंस." ते खरंच होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. भांडी घासताना, केस विंचरताना मधेच जिन्यावर खुर्चीचे पाय आपटल्यासारखा आवाज यायचा. त्या दचकून वर बघायच्या. त्यांच्या बैठ्या घराला जिनाच नव्हता.

आज नवा दोर बसला होता. ऑफिसातला सहकारी म्हणाला होता, "मी जाऊन येतो, तुम्ही नका जाऊ." पण बंद आपण केलेली लिफ्ट दुसऱ्याने सुरू करायची, हे त्यांना पटलं नाही. वरची मशिनची खोली काकांच्या दाराला लागूनच होती. त्या दारावरून जावंच लागणार होतं.

सहाव्या मजल्यावर चेअरमननी त्यांना थांबवलं. धाप आवरून आवाज अगदी खाली आणला.

"काकू तुम्हाला विचारणार आहेत, परवा लिफ्ट पडली असती का म्हणून. हो म्हणून टाका. पडलीच असती म्हणा. त्या माउलीच्या जिवाला तेवढाच आधार. आणि तुम्हीही सुटाल, बाई."

सुटाल. एका शब्दाचं तर काम होतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

दार उघडंच होतं. आतल्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं होती आणि सगळी चालू होती. प्रत्येकाची टिकटिक वेगळी. काकू आरामखुर्चीशेजारी खाली बसल्या होत्या. मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"तुम्हीच ना त्या?" काकू म्हणाल्या. "या, बसा. एकच विचारते. खरं सांगा. परवा ती लिफ्ट पडली असती का?"

दारातून चेअरमन मान हलवून खुणावत होते. हो म्हणा, हो म्हणा.

"परवा बहुतेक नसती पडली, काकू," त्या म्हणाल्या. "काकांना घेऊन नीट खाली गेलीही असती. पण पुढे कुणाच्या वेळी पडेल, ते मला सांगता आलं नसतं. म्हणून बंद केली."

चेअरमननी कपाळावर हात मारून घेतला. मुलगा ताडकन वळला.

"ऐकलंस, आई? नसती पडली! इकडे आम्ही बाबांना पायरी पायरीने उतरवतोय. माझे हात सुटत होते. मी यांच्या नावाने शिव्या घालत होतो, हो, घातल्या मी. बाबाही हात उचलून काहीतरी म्हणत होते. आवाज फुटत नव्हता त्यांचा." तो बाईंच्या समोर येऊन उभा राहिला. "जाणाऱ्या माणसाचा तळतळाट होता तो. तो लागतो, बाई. तुम्हाला लागणार."

बाईंनी मान खाली घातली. लागायचा तेवढा तो लागलाच होता.

काकू भिंतीचा आधार घेत उठल्या. मुलाजवळ गेल्या आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"तू पुढून खुर्ची धरली होतीस, बाळा. मी मागच्या पायरीवर होते, त्यांच्या तोंडापाशी वाकलेली. मला ऐकू आलं. तुला सांगवत नव्हतं दोन दिवस."

"काय म्हणाले?"

काकूंनी बाईंकडे पाहिलं.

"म्हणाले, 'तिला काही बोलू नकोस रे. तक्रार मीच केली होती.'"