पुढचं जहाज

आईने दोन ताटं वाढली, आणि दारात एकटा थोरलाच येऊन उभा राहिला.

"धाकटं ध्यान कुठंय?" आईने त्याच्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं. "बंदरावर गप्पा हाणत बसलं असेल. जन्मालासुद्धा उशिराच आलं ते. सुईण तीनदा हात हलवत परत गेली होती."

थोरला हसला नाही. बूट न काढताच तो शिलाईच्या बाकावर टेकला. खोलीभर ताडपत्री पसरली होती. जहाजाच्या पोटात माल भरला की वरून झाकायच्या ताडपत्र्या आई शिवायची, तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून, दाभणाएवढ्या सुईने. नवरा समुद्राने नेला, तरी तिने ती सुई खाली ठेवली नव्हती. कुणापुढे पदरही पसरला नव्हता.

एका घरची दोन माणसं एका जहाजावर चढत नाहीत, हा त्या गल्लीचा जुना नेम. युद्ध पेटलं, पाणबुड्या मालाची जहाजं बुडवू लागल्या, तसा आईने तो आणखी घट्ट धरला. दोघा भावांना बरोबर जायचं होतं. आईने कंपनीच्या कचेरीत जाऊन साहेबाचं डोकं खाल्लं आणि धाकट्याला दुसऱ्या जहाजावर घालायला लावलं. जहाजांचा तांडा मात्र एकच. आज तो बंदराला लागला होता.

"जेव," आई म्हणाली. "मिठाची गुळणी धरून बसू नकोस."

"आई, टॉर्पेडो लागला. आमच्या पुढच्या जहाजाला."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. कुठलं जहाज, हे तिने विचारलं नाही. एरवी भिंतीलाही चार प्रश्न विचारणारी बाई. पण तेवढा एक तिच्या ओठांवर येईना.

"दिवसाढवळ्या," थोरला म्हणाला. "बघता बघता बुडालं. माणसं पाण्यात, अगदी आमच्या वाटेत. सुकाणूवर मीच होतो."

"मग? दोर टाकलेत ना?"

"थांबायचं नाही असा हुकूम असतो. थांबलेलं जहाज पाणबुडीला आयतंच सापडतं. कप्तान म्हणाला, सरळ चल."

"आणि तू चाललास? नंदीबैलासारखा?"

"नाही. इंजिन थांबवायच्या दांड्यावर माझा हात गेला होता."

"मग काढलास कशाला?" आईने तांब्या आदळला. पाणी ताटात सांडलं. "कप्तानाला भ्यालास! बुडती माणसं टाकून शेपूट घालून घरी आलास! उद्या त्यांच्या आया दारात उभ्या राहिल्या, तर कुठलं तोंड दाखवू मी? तुझ्या जागी धाकटा असता ना, तर कप्तानाला उचलून समुद्रात टाकलं असतं त्याने, पण जहाज थांबवलं असतं!"

ती बोलतच राहिली. थांबली तर खोलीत जी शांतता पसरेल, तिचीच तिला धास्ती वाटत होती. शेवटी दम लागला, तेव्हा थोरल्याने मान वर केली.

"कप्तानाने मानगूट धरली, तरी मी दांडा सोडला नव्हता, आई. पाण्यातले सगळे हात वर करून 'थांबा, थांबा' म्हणत होते. आपला धाकटा तेवढा ओरडत होता, 'दादा, थांबू नकोस!'"