सोनं धुणारी

"थांब, थांब! जरा मागे घे," नीलाताई म्हणाल्या, आणि मिथुनने व्हिडिओ पुन्हा मागे नेला.

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये चौघं टीव्हीसमोर बसली होती. श्रुतिका, तिचे बाबा शरच्चंद्र, आई नीलाताई आणि होऊ घातलेला जावई मिथुन. मिथुन बाईकवरून आडगावं फिरतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. हा व्हिडिओ गडचिरोलीच्या पलीकडच्या डोंगरातला. लाल मातीचा घाट, चिखलात रुतलेली बाईक, ती ढकलणारी गावातली माणसं आणि मग ओढ्यात उकिडवी बसलेली एक म्हातारी. थाळ्यात वाळू घेऊन ती गोल गोल फिरवत होती. वाळू वाहून गेली आणि तळाशी पिवळं काहीतरी चमकलं.

"धूत ऱ्हायचं, बाबा," म्हातारी सांगत होती. "सोनं काय पळून जात न्हाई."

"हे खरं सोनं?" शरच्चंद्रांनी चष्मा वर केला.

"हो काका. दिवसभर धुतलं की कणीएवढं मिळतं."

"हात बघा हो तिचा, कसा फिरतोय," नीलाताई म्हणाल्या. "जन्म गेला असणार त्यात."

"पण मराठी कशी बोलते ही?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"बॉर्डरवर येतं ना सगळ्यांना." मिथुन पाणी प्यायला. "काका, पहिल्या दोन गावांत तर कॅमेरा बघून लोकांनी पाठच फिरवली. वाट लागली होती माझी. रिकाम्या हाताने परत यायची वेळ आली होती."

"आणि मग ही भेटली."

"हो. मग हीच."

व्हिडिओत मिथुनचा आवाज आला, "मुलं किती, आजी?"

म्हातारीने थाळा थांबवला. कॅमेऱ्याकडे बघितलं, चांगलं टक लावून बघितलं. मग म्हणाली, "एक होता. आता न्हाई."

नीलाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मूळच्या मालवणच्या त्या, भरून आलं की गावची भाषा तोंडात यायची. "बिचारी गो ती! ह्येका आवस नाय, तिका झील नाय. देवाचो ह्यो खयचो न्याय!"

आपण शाळेत असतानाच आई वारली, असं मिथुनने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. तेव्हापासून नीलाताई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत.

श्रुतिका रडली नाही. रडणाऱ्यांतली नव्हतीच ती. तिने टीव्ही बंद केला आणि सरळ विचारलं, "सहा लाख लोकांनी बघितलं ना हे? तिला काय दिलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दिवसभर गार पाण्यात बसवलंस तिला. मेलेल्या पोराचं विचारलंस. तिला काय मिळालं?"

"काही नाही."

"लाज नाही वाटली?"

"वाटली," मिथुन म्हणाला. खरंच वाटली होती. आत्ताही वाटत होती.

"जाऊ दे गं, पोराला किती बोलशील," शरच्चंद्र मध्ये पडले. "डिसेंबरात लग्न आहे, त्याचं बोला. मिथुन, तुझ्याकडून मामा नाही, मावशी नाही. आईच्या जागी कोण उभं राहणार?"

"हीच!" श्रुतिका ताडकन म्हणाली. "हिलाच आणू. तिला मुलगा मिळेल, ह्याला आई."

"झकास! तिकीट मी काढतो," शरच्चंद्र म्हणाले. झालं, घरादाराने ठरवूनच टाकलं.

"नको," मिथुन म्हणाला. "एवढा मोठा हॉल, एवढे लोक. तिला अवघडल्यासारखं होईल."

"तिला होईल की तुला?"

मिथुनला वाटलं, धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. या माणसांनी एका परक्या बाईसाठी घराचं दार सताड उघडलं होतं, आणि ते बंद कसं करायचं हे तो शोधत बसला होता.

नीलाताई आत गेल्या आणि एक कोरी सुती साडी घेऊन आल्या. "तिच्या विरलेल्या साडीला दंड घालून जोडलेलं बघितलं मी. पुढच्या खेपेला ही दे. आणि येतेस का, एवढं विचार. नुसतं विचार."

"विचारतो," तो म्हणाला.

साडीची पिशवी हँडलला अडकवून तो निघाला. एलबीएस रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. भांडुपपर्यंत त्याने थाप तयार केली. म्हातारी गाव सोडून गेली, कुठे ते कोणाला माहीत नाही. लोक विश्वास ठेवतात, हे त्याला पाठ होतं. पिशवी कुणालाही देऊन टाकली असती तरी चाललं असतं. एका सिग्नलला रस्त्याकडेच्या बाईपुढे त्याने ती धरलीही. तिने हात पुढे केला आणि त्याने पिशवी मागे ओढली. बाईने शिवी हासडली. बरोबरच होतं तिचं.

कांजूरमार्गला त्याने गाडी आत वळवली, नळापाशी लावली आणि चढ चढून वर गेला. ऊन अजून पत्र्यांवर होतं. गल्लीच्या टोकाच्या खोलीचं दार उघडंच होतं.

उंबऱ्याबाहेर तीच म्हातारी बसली होती. घाटकोपरच्या सोनारगल्लीतून सकाळी उपसून आणलेला गटारातला गाळ सोन्याच्या कणांसाठी घमेल्यात घालून धूत होती. मिथुनने पिशवी पुढे केली. तिने हात पदराला पुसले, साडी बाहेर काढली, उलटीपालटी करून बघितली.

"कोरी चालंल का रं तुझ्या कॅमेऱ्याला?" तिने विचारलं. "आन् ह्या खेपेला तुझ्या आईनं कुठल्या गावची म्हातारी व्हायचं, बाळा?"