मास्तरांचे लाडके कुरणे

"खून भाच्यानं केलेला नाही," प्रभुदास पाटोळे म्हणाले आणि त्यांनी पुस्तक गुडघ्यावर उपडं ठेवलं. "कुरणे इतका सरळ लेखक नाही."

दबोरा वांगी चिरत होती. "बाबा, चर्चमधून आल्यापासून तुम्ही कपडेसुद्धा बदलले नाहीत."

"एवढं प्रकरण संपू दे."

ते शिरूरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. दबोरा त्यांची एकुलती एक मुलगी. ती दौंडच्या शाळेत शिकवायची, तिथंच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी यायची. एखाद्या शनिवारी पुण्याला काम निघालं की यायची नाही. मग मास्तर रविवारभर वाचत बसायचे.

यंदा वाचनालयाला पुस्तकांसाठी सरकारी अनुदान मंजूर झालं होतं. त्यातून व. सा. कुरण्यांच्या सगळ्या रहस्यकथा घ्याव्यात, असं मास्तरांच्या मनात होतं. अध्यक्ष पोपटरावांना शेतीची आणि धार्मिक पुस्तकं हवी होती.

"पोपटराव ऐकतील असं वाटतं तुम्हाला?" दबोरानं विचारलं.

"कसले ऐकतात! म्हणाले, सरकारच्या पैशानं खून कशाला विकत घ्यायचे?"

"मग सोडून द्या की. एवढं काय आहे त्यात?"

मास्तरांनी चष्मा काढला. "रंगुबाई भाजीची पाटी वाचनालयाच्या दारात ठेवून आत येते. चौथी शिकलेली बाई. ओळीवर बोट ठेवून वाचते, पण खुनी सापडेपर्यंत पुस्तक सोडत नाही. तिला ऊसलागवडीचं पुस्तक देऊ? तिला वाफाभर जमीन नाही."

दबोरानं पुढचं वांगं चिरायला घेतलं.

"आणि एक सांगू? या कुरण्याची आई लहानपणीच गेली असणार. त्याच्या गोष्टीतलं पोरकं लेकरू कधी रडत नाही. कुणाच्याही घरी गेलं की आधी चुलीकडं बघतं. हे ऐकीव नाही लिहिता येत."

दबोराची आई ती पहिलीत असताना गेली होती. तिनं विळी बाजूला सारली आणि चहाचं आधण ठेवलं.

"तुम्ही पत्र लिहिलं होतं ना त्यांना?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"प्रकाशकाच्या पत्त्यावर. म्हटलं, एकदा शिरूरला या, आमच्या वाचकांना भेटा. उत्तर नाही आलं. मोठा माणूस."

"तसं नसेल, बाबा."

"मग कसं असेल?"

"साखर कमी घालते," ती म्हणाली.

संध्याकाळी मास्तर स्टँडवर सोडायला आले. पिशवी त्यांनी तिच्या हातात दिलीच नाही, खिडकीतून आत सरकवली. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते उभे होते.

मंगळवारी शाळेत फोन आला. मास्तर वाचनालयातच गेले, खुर्चीत बसल्या बसल्या.

मातीला गाव लोटलं होतं. सगळे पांगल्यावर रंगुबाई दबोराजवळ आली. "मास्तर म्हनायचे, रंगुबाई, गिरँट आली की पैलं पुस्तक तुला. आता कोन देतंय, पोरी?"

दबोरानं तिचा हात धरून ठेवला.

पुढं पोपटरावांचा निरोप आला. ग्रंथपाल नेमला नाही तर अनुदान परत जाईल. दबोरानं ग्रंथालयाचा प्रशिक्षणवर्ग केलेला होता. तिनं दौंडची नोकरी सोडली आणि वाचनालयाच्या किल्ल्या घेतल्या. मास्तरांच्या खुर्चीत मात्र ती बसली नाही. शेजारी स्टूल ओढून घेतलं.

कमिटी बसली ती तिथंच.

"मी मास्तरांशी लई भांडलो," पोपटराव म्हणाले. "ते गेल्यावर सहज म्हणून त्यातलं एक पुस्तक घरी न्हेलं. मंडळींनी दोनदा हाक मारली, जेवण निवून गेलं, तरी उठलो न्हाई. कोण हो हा कुरणे?"

"मला तर वाटायचं, मास्तरच चोरून लिवत्यात," मच्छिंद्र म्हणाला. तो कमिटीचा चिटणीस.

"आन् सवताच सवताला पत्र धाडून शिरूरला बोलावत्यात व्हय?" पोपटराव म्हणाले.

सगळे हसले. दबोराही हसली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

पोपटराव खाकरले. "तर ठरलं. मास्तरांच्या आठवणीसाठी कुरण्यांची समदी पुस्तकं. कपाटावर मास्तरांचं नाव घालू."

"मग माझ्या मेव्हण्याच्या कवितापण घ्या की थोड्या," मच्छिंद्र म्हणाला.

"गप बस. कमिटीतल्या न् कामावरच्या माणसाच्या घरचं पुस्तक अनुदानातनं घ्यायचं न्हाई, हा नियम मास्तरांनी कुणापायी करून घेतला? तुझ्या मेव्हण्यापायीच ना! त्या कविता अजून उंदरंच वाचत्यात."

"मास्तर लई कडक," मच्छिंद्र हसत म्हणाला. "सवताच्या पोरीचं पुस्तक असतं तरी न्हाई म्हणले असते."

"हो," दबोरा म्हणाली. "त्यांचं सगळ्यात आवडतं असतं, तरीसुद्धा."

पोपटरावांनी तिच्याकडं बघितलं. "मग ताई, मागवायची ना पुस्तकं?"

"नाही."

"न्हाई? अवो, तुमच्या वडलांची शेवटची इच्छा!"

"म्हणूनच त्यांचा नियम मला मोडता येणार नाही. कुरण्यांची पुस्तकं अनुदानातून घेता येत नाहीत. मी स्वतः आणून देईन."

"का वो?" मच्छिंद्रनं विचारलं. "कुरणे काय तुमचा पाव्हणा लागतो?"

दबोरा स्टुलावरून उठली. तिनं कुणाकडंच पाहिलं नाही. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"कुरणे मीच, बाबा," ती म्हणाली.