सोमवारचा बिघाड

सेल्फ फिरत होता, पण इंजिन काही केल्या धरत नव्हतं. मिस्त्रींनी पुन्हा किल्ली फिरवली. गाडी घर्र घर्र करून गप्प झाली. शेजारच्या सीटवर बायको तयार होऊन बसली होती. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स.

"आज पण?" ती म्हणाली.

"बघतो," म्हणत मिस्त्री खाली उतरले.

दर सोमवारी बायकोला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचं, दिवसभर सलाइनमधून औषध चढवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, असं चाललं होतं. भाड्याच्या गाडीला ती तयार नव्हती. येताना वाटभर उलट्या होतात, परक्या माणसासमोर लाज वाटते, म्हणायची. त्यामुळे सगळी मदार या जुनाट डब्यावर. दुखणी तर त्याच्या पाचवीलाच पुजलेली. तरी आठवडाभर डबा शहाण्यासारखा चालायचा आणि नेमका सोमवारी बसकण मारायचा. मागच्या खेपेला कॉइलची वायर निघाली होती, त्याआधी बॅटरीची. दोन्ही वेळा मिस्त्रींनी स्वतःलाच चार शिव्या घातल्या, वायर जोडली आणि उशिरा का होईना, तिला नेलं.

आज बॅटरी ठणठणीत होती. पेट्रोलही येत होतं. मिस्त्रींनी एक प्लग काढून वायरीला जोडला, इंजिनाला टेकवला आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडली नाही. मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटणारा रोटर जागेवर नव्हता. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून गाडी जागची हलत नाही. आणि तो काही आपल्या पायांनी चालत जात नाही.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीच्या धुरावरून शेजाऱ्याशी त्यांचं वाजलेलं होतं. ही त्याचीच करणी. झाकण हातात घेऊन ते तसेच त्याच्या फाटकाकडे निघाले आणि मध्येच थांबले. झाकण आतून लख्ख पुसलेलं होतं. चोरी करणारा झाकण पुसत बसत नाही. ते परत फिरले आणि बॉनेटखाली वाकले. प्लगच्या वायरी एकीवर एक न चढवता ओळीने बसवलेल्या होत्या, एकीलाही पीळ नव्हता. उघडलं की पुसून लावायचं, वायरीला पीळ पडू द्यायचा नाही, ही शिस्त खुद्द मिस्त्रींची. तिच्यापायी गॅरेजातले कितीतरी कारागीर पळून गेले. ती शिकलं एकच माणूस. माणूस ठेवायची ऐपत नव्हती तेव्हा गाडीशेजारी उभं राहून त्यांच्यासाठी दिवा धरायचं, ते.

मिस्त्री तिच्या खिडकीपाशी गेले. "रोटर दे."

तिने आढेवेढे घेतले नाहीत. पर्समधून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला रोटर काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"दुसरं काहीही काढलं असतं तर तुम्ही जोडलंच असतं," ती म्हणाली.

"अगं, पण तोंडाने सांगायचं ना मला."

"सांगितलं की. कितीदा सांगितलं. गाडी कण्हली तर तुम्हाला आतल्या खोलीत ऐकू येतं. तिथून आले की पुढचा सोमवार येईपर्यंत मी नुसती भिंतीकडे बघत पडते हो. आता नको. जे काही दिवस आहेत, ते माझ्या घरात जाऊ द्या."

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, बऱ्या व्हायच्या नाहीत, पण थोडे महिने वाढतील. त्यातलं 'वाढतील' तेवढंच मिस्त्री घरी घेऊन आले होते. आता त्यांना तिचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. ती नसलेलं घर त्यांना लख्ख दिसलं. ते बॉनेटकडे गेले. रोटर बसवला, झाकण लावलं, हात पुसले, आत येऊन बसले.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

बायकोने पट्टा ओढून लावला आणि डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दूर राहायची आणि दर सोमवारी याच वेळेला फोन करायची.

"बाबा, निघालात का? इंजिनचा आवाज येतोय. झाली वाटतं सुरू."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. मिटल्या डोळ्यांनी ती पट्टा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

"बंद पडली गं," ते म्हणाले. "या वेळी मला नाही जमलं."