शेकलेली माती

दार उघडून लेक आत शिरली आणि वासाने तिला उंबऱ्यातच गाठलं. ओला पालापाचोळा तव्यावर टाकून कुणी परतत बसावं, तसा उग्र वास. मागे तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी तिला गाडीतून घरापर्यंत सोडलं होतं, आणि "चला ना, चहा घेऊन जा," असं ती तोंडदेखलं म्हणाली, तर त्या चक्क वर आल्या होत्या. नव्या शाखेचं काम कुणाकडे सोपवायचं, ते त्याच ठरवणार होत्या.

"काही करपलंय का गं?" बाईंनी नाकाला रुमाल लावला.

त्यांना सोफ्यावर बसवून लेक तडक स्वयंपाकघरात गेली. ओव्हनचं दार उघडं होतं. केकच्या ट्रेमध्ये काठोकाठ काळी माती होती, आणि ती वाफाळत होती. ओट्यावर चाळणी, वाळू, कुजलेल्या पानांच्या खताची पिशवी. आणि या पसाऱ्यात तिचे बाबा, हातात उलथनं घेऊन, कपाळावर घाम, चेहरा खुललेला.

"आलीस? बघ, कशी शेकली गेलीय. आता बुरशीची काय बिशाद! यात वाळू आणि खत मिसळलं, की झालं."

"बाबा, हळू बोला! बाहेर पाहुणे आहेत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे उपद्व्याप करायला?"

"अगं, सकाळी तूच तर..."

आणि तिला आठवलं. गेल्या वर्षी तिने खिडकीत टोमॅटोची रोपं केली होती, अंगणातली माती तशीच भरून. उगवली छान, आणि मग बुडाशी काळी पडून एकेक मान टाकत गेली. त्यानंतर तिने कुंडीला हात लावला नव्हता. सकाळी बाबा विचारत होते, यंदा विकतचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या शेंड्यांचा भुसा आणायचा, की माती शेकून घरीच मिश्रण करायचं? नुसत्या भुशात रोपाचं पोट भरत नाही, पण शेकायचं म्हणजे ओव्हन लागेल, घरभर वास सुटेल, चालेल ना? तिने फोनमधून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "करा हो तुम्हाला हवं ते."

"अगंबाई! माती भाजताय?"

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या.

लेकीच्या तोंडून शब्द निघून गेले. "वय झालंय ना त्यांचं. हल्ली काही लक्षात राहत नाही. काय करतायत, त्यांचं त्यांनाच कळत नाही."

ती आवाज खाली घेऊन बोलली होती. पण स्वयंपाकघर ते केवढं. बाबांच्या हातातलं उलथनं मातीत तसंच रुतून राहिलं. लेकीच्या बालवाडीपासूनच्या सगळ्या शिक्षकांची नावं या माणसाला अजून पाठ होती.

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या पुढे आल्या, किंचित वाकल्या आणि लहान मुलाशी बोलावं तशा मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "आजोबा, नमस्कार! मातीत खेळताय होय? छान, छान. तुमचं नाव काय हो, आजोबा?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

एका वाक्याचं काम होतं. पण तिने पाठ फिरवली, नळ सोडला आणि चहाचं पाणी पातेल्यात भरू लागली.

बाबांनी हात पंच्याला पुसले. मग ओशाळं हसून म्हणाले, "नाव होय? हिला विचारा. माझं सगळं हिच्याच लक्षात असतं."

"बिच्चारे," बाई कुजबुजल्या.

बाहेर चहा पिताना त्यांनी लेकीच्या हातावर हात ठेवला. "घर, नोकरी, आणि वर हे. कधी बोलली नाहीस. नव्या शाखेला अशीच खंबीर बाई हवी मला." लेकीने मान हलवली. आत चाळणीचा आवाज येत होता, अगदी हलका, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये इतका.

बाईंची गाडी गेली, तरी ती कडीला हात लावून दारातच उभी राहिली. मग आत गेली. माती निवली होती. बाबा मिश्रण कागदी पेल्यांमध्ये भरून अंगठ्याने हलकेच दाबत होते.

"बाबा, मी..."

"बी दे ते. त्या पुडीतलं."

तिने पुडी उघडली. ती भलतीकडेच फाटली आणि बिया ओट्यावर विखुरल्या. बाबांनी चष्मा वर सरकवला आणि ते बोटाच्या टोकाने एकेक बी टिपून घ्यायला लागले.

"त्या बाई परत येणार असतील," मान वर न करता ते म्हणाले, "तर आधी सांगून ठेव. मी कितपत विसरायचं, ते ठरवून घेऊ."