टोलेडोची तिसरी निवड

“गस, आता कसला विचार करतोयस? लिही पेटवेचं नाव.”

हार्लन टीग टेबलाच्या टोकाशी उभा होता. टोलेडो हॅमर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम त्याच्या मालकीची. खेळाडू निवडायचं काम गस वोयतालाचं. कॉलेजातले नवे खेळाडू टीमनी आळीपाळीनं उचलायचे, त्या ड्राफ्टमध्ये त्या वर्षी टोलेडोचा क्रमांक तिसरा होता. सहा मिनिटं उरली होती आणि मार्क्वेल पेटवेला अजून कोणी उचललं नव्हतं.

पेटवे अलाबामाच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळणाऱ्याच्या ओंजळीत चेंडू टाकायचा. असा खेळाडू टोलेडोनं अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

“मी सेफो तुइआसाउला घेणार,” गस म्हणाला.

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. सेफो लाइनमन. त्यानं चेंडूला हातही लावायचा नाही. क्वार्टरबॅकच्या पुढं उभं राहायचं आणि अंगावर येतील त्यांना थोपवायचं, एवढंच त्याचं काम.

“भिंत बांधतोयस होय?” टीग म्हणाला. “आत राहणार कोण? तुझी सासू?”

“गेल्या वर्षी आपले क्वार्टरबॅक अठ्ठावन्न वेळा आडवे झाले, सर.”

“म्हणून तर चांगला आण म्हणतोय! निदान पळता तरी येईल त्याला.” टीगचा आवाज खाली आला. “एक कारण दे, गस. उद्या लोकांपुढं उभं राहून मला सांगता येईल असं एकच कारण.”

गसकडे कारण होतं. ते सांगता येत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी तो पेटवेच्या घरी जेवायला गेला होता. मार्क्वेलच्या आईनं, ओडेसानं, मासे तळले होते. जेवण झाल्यावर तिनं मार्क्वेलला बर्फ आणायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

“मिस्टर वोयताला, माझ्या मुलाला तुम्ही घेऊ नका.”

“का?” गसनं विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी तो डोक्यावर पडला. तेव्हापासून एखाद्या सकाळी उठतो आणि मला विचारतो, तुम्ही कोण? कोणाला सांगत नाही. डॉक्टरांचे प्रश्न त्याला पाठ आहेत.”

“मग त्याला खेळूच देऊ नका.”

“एवढ्या मोठ्या मुलाला बांधून ठेवू? तो खेळणारच. निदान अशा टीमकडून खेळू दे, जिथं त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही. तुमच्याकडे तो वर्षभरही टिकायचा नाही. आणि हे बाहेर फुटलं, तर त्याला कोणीच घेणार नाही. जन्मभर माझं तोंड बघणार नाही तो.” तिनं टेबलावरची ताटं उगाचच एकावर एक ठेवली. “डेनी फॅरोचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. तुम्हाला नाही, तर कोणाला सांगू?”

डेनी फॅरो हा गस स्वतः टोलेडोकडून खेळायचा तेव्हाचा क्वार्टरबॅक. गस त्याचा लाइनमन. एका रविवारी गसचा पाय घसरला आणि ज्याला अडवायचं तो सरळ डेनीवर जाऊन आदळला. आता डेनी शुश्रूषागृहात असायचा आणि स्वतःच्या बायकोला नर्स म्हणून हाक मारायचा.

गसनं ओडेसाला शब्द दिला.

“दोन मिनिटं,” कोणीतरी म्हणालं.

“सरळच सांगतो,” टीग म्हणाला. “पेटवे नाही, तर पुढच्या वर्षी तूही नाहीस.”

एक वाक्य बोललं की सुटका होती. पण खोलीत चौदा माणसं होती, आणि सकाळपर्यंत ते वाक्य प्रत्येक टीमकडे पोचलं असतं. टीगला बाजूला घ्यायला ना वेळ होता ना जागा. त्यानं सेफोचं नाव लिहिलं.

पुढच्याच क्रमांकावर सॅक्रामेंटोनं पेटवेला उचललं. त्यांच्या लाइनमधून वारा जायचा नाही म्हणत. गसच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं.

सेफोनं त्या मोसमात कोणाला आत येऊ दिलं नाही. पण त्याच्यामागं चेंडू फेकणारा कोणी धड नव्हता. टोलेडो तीनच सामने जिंकली. लोक गसच्या घरासमोर गाडी थांबवून भोंगे वाजवायचे. जानेवारीत टीगनं त्याला काढलं. त्यानंतर कुठल्याच टीमनं त्याला विचारलं नाही. “असं का केलंस?” बायकोनं, आयरीननं, एकदाच विचारलं. त्यानं तिलाही सांगितलं नाही.

पेटवेनं सॅक्रामेंटोला दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं. दर रविवारी गस टीव्हीसमोर बसायचा. पेटवे पडला की याचा श्वास अडकायचा. तो उठून चार पावलं चालला की सुटायचा.

सहा वर्षांनी डेनी गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि सँडविच होती. सॅक्रामेंटोहून खास आलेला एक उंच माणूस गर्दीतून वाट काढत गसपाशी आला.

“सर, मी मार्क्वेल पेटवे. एक विचारू? सहा वर्षं मनात आहे.”

“विचार.”

“मला टोलेडोलाच यायचं होतं. आईला ते नको होतं, तिथं तुझी हाडं मोडतील म्हणायची. लहानपणी माझ्या खोलीत फॅरोचा फोटो होता. तुम्ही मला का सोडलंत?”

गसनं आजूबाजूला पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. दिलेला शब्द त्यानं बायकोपुढंसुद्धा मोडला नव्हता. पण आता तर ज्याचा आजार त्याच्याशीच बोलायचं होतं.

“तुझ्या डोक्यासाठी,” तो हळूच म्हणाला. “अजून होतं का रे सकाळी तसं? आईची ओळख न पटणं?”

पेटवेनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हातातला कप खाली ठेवला आणि गसचा दंड अलगद धरला. बोलला तेव्हा एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलला.

“माझ्या डोक्याला कधीच काही झालेलं नाही, सर. साधं दुखतसुद्धा नाही. तुमच्याबरोबर घरचं कोणी आलंय का?”